शितावरून भाताची परीक्षा

आपल्या प्रत्येकाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘टेस्टिंग’ नावाचं एक प्रकरण असतं. ते बहुधा सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलं जातं. पाच रकान्यांचा तक्ता असतो : अनुक्रमांक, काय तपासलं, अपेक्षित निकाल, मिळालेला निकाल आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, ‘पास’. आपल्या विद्यापीठात विद्यार्थी नापास होतात, सॉफ्टवेअर कधीच होत नाही! एक्स्टर्नलही ते पान झटकन उलटतात, कारण त्यांनाही पुढच्या कॉलेजला जायचं असतं.

मागच्या सुट्टीत मी चाकणच्या बाजूला एका कंपनीत इंटर्नशिप केली. काम होतं गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगचं. तिथे दोन महिन्यांत एक गोष्ट समजली. टेस्टिंग कितीही मन लावून केलं तरी एका ठिकाणी ते हात टेकतं, आणि ते ठिकाण कुठे आहे हे आधी कळत नाही. आपल्यापैकी निम्मे जण पुढे याच कामाला लागणार आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. आई एक शीत बोटांत दाबून बघते आणि गॅस बंद करते. हे चालतं, कारण एका पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली शितं जवळपास सारखीच असतात. आमच्या मेकॅनिकलच्या मित्रांचा तर सगळा संसारच या म्हणीवर उभा आहे. एका लॉटमधले चार नग घ्यायचे, मशीनवर तोडून बघायचे आणि बाकीच्या लॉटबद्दल बोलायचं. दहा टन पेलणारा हुक नऊ टन पेलणारच, साडेनऊही पेलणार. त्यावर फॅक्टर ऑफ सेफ्टी आहेच.

सॉफ्टवेअरचं पातेलं तसं नाही. इथे एक शीत लोण्यासारखं मऊ, आणि त्याला चिकटून बसलेलं दुसरं म्हणजे चक्क खडा! सोळा बिटांच्या चिन्हासहित खणात ३२,७६७ हा आकडा बिनतक्रार बसतो. त्यात फक्त एक मिळवा, तो उणे ३२,७६८ होतो. आपण हे पहिल्या वर्षी शिकतो, मार्क मिळवतो आणि विसरतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं, ते याच जातीच्या कारणाने. एक मोठा आकडा सोळा बिटांत कोंबायचा प्रयत्न झाला. तो प्रोग्राम जुन्या एरियान-४ वर उत्तम चालला होता, म्हणजे अनुभवी होता. नवीन रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, एवढाच फरक.

मग कोणी म्हणेल, सगळीच शितं दाबून बघू या! चला, बघू. बत्तीस बिटांचे दोन आकडे घेऊन त्यांची बेरीज करणारा एक फंक्शन आहे. आकड्यांच्या किती जोड्या होतील? दोनचा चौसष्टावा घात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला जवळजवळ ५८५ वर्षं लागतील. बहमनी राजवटीत काम सुरू केलं असतं तर आत्ता कुठे संपत आलं असतं. आणि ही एक साधी बेरीज झाली. खऱ्या प्रोग्राममध्ये तर कोणती गोष्ट आधी घडली, कोणती नंतर, मशीन किती वेळ चालू होतं, यावरही उत्तर बदलतं. १९९१ च्या आखाती युद्धात धाहरानला अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा सलग शंभरेक तास चालू होती. तिच्या घड्याळात साठत गेलेली बारीकशी चूक तोवर सुमारे एक तृतीयांश सेकंदावर गेली होती. समोरून आलेलं स्कड क्षेपणास्त्र तिला सापडलंच नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणा दर काही तासांनी बंद करून चालू केली असती, तर ती चूक दिसण्याइतकी वाढलीच नसती.

असो. आता माझ्या इंटर्नशिपकडे येते.

आमच्याकडे मालवाहू तीनचाकी टेम्पोच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर तपासायला आलं होतं. वेग, किलोमीटर, डिझेलचा डिजिटल काटा आणि चार-पाच दिवे. दिसायला अगदी किरकोळ. ते तपासायला एक बेंच होता. त्याला ‘हार्डवेअर इन द लूप’ म्हणतात. म्हणजे डॅशबोर्ड खरा, पण बाकीची गाडी खोटी. गाडीकडून येणारे सगळे सिग्नल कॉम्प्युटर बनवून देतो आणि बिचाऱ्या डॅशबोर्डला वाटतं आपण रस्त्यावर धावतोय. चौदाशेच्या आसपास टेस्ट केसेस होत्या. रात्री सुरू करून जायचं, सकाळी येऊन निकाल बघायचा. तीन आठवड्यांत सगळं हिरवं झालं. गाडी बनवणाऱ्या कंपनीला सॉफ्टवेअर द्यायला चार दिवस उरले होते. सगळे खुशीत होते.

त्याच सॉफ्टवेअरचे डॅशबोर्ड बसवलेल्या दोन गाड्या रस्त्यावरही फिरत होत्या. त्यातली एक चालवायला जे काका होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. माल भरायचा, चाकणहून भोसरीला जायचं, परत यायचं, दिवसभर तेच. एका संध्याकाळी मामांचा फोन आला.

“ताई, मॅडम आहेत का? गाडी बंद पडली मोशीच्या अलीकडं.”

“काय झालं मामा?”

“डिझेल संपलं.”

“मग भरलं नाही का?”

“अहो, काटा अर्ध्यावर दाखवतोय! आत्ता पण अर्ध्यावरच हाय. या बघायला.”

आम्ही गेलो. खरंच, टाकी कोरडी आणि काटा अर्ध्यावर. किल्ली पूर्ण काढून पाच मिनिटांनी परत लावली तर काटा शहाण्यासारखा शून्यावर आला. ऑफिसमध्ये एकजण म्हणाला, चौदाशे केसेस पास आहेत, एखादं कनेक्शन ढिलं असेल, मामांनाही काहीतरी निमित्त लागतं. मामा गप्प बसून चहा पीत होते. मग एवढंच म्हणाले, “गाडी बंद पडली तर माणूस ढकलत नेतो. पण काटा खोटं बोलला तर रात्रीचं हायवेवर माणूस काय करणार?”

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील अशीच तीनचाकी चालवतात. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधून जॉबवर्कचा माल उचलायचा आणि चाकणला पोचवायचा. पुणे-नाशिक रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा ही नावं ऐकूनच घाम फुटेल. त्या रात्री जेवताना मी त्यांना मामांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “ट्रॅफिकमध्ये गाडी कशी चालवतात ते तुमच्या मशीनला माहितेय का गं?” मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. लाइन थांबली की डिझेल वाचवायला किल्ली बंद करायची. तेवढ्यात पुढची गाडी हलते, मागचा हॉर्न मारतो, की लगेच किल्ली चालू. कधी कधी सेकंदभरही गाडी बंद राहत नाही. एका फेरीत असं वीस-तीस वेळा होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी बेंचची स्क्रिप्ट उघडायला लावली. आमच्या प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला किल्ली बंद, दहा सेकंद थांबा, किल्ली चालू, असं लिहिलेलं होतं. दहा सेकंद मुद्दाम ठेवलेले. प्रत्येक टेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू व्हावी, आधीच्या टेस्टचा पुढच्या टेस्टवर परिणाम होऊ नये, हा टेस्टिंगचा चांगला नियमच आहे. पण नेमक्या त्या चांगल्या नियमामुळे आमचा बेंच चौदाशे वेळा सभ्यपणे थांबला होता आणि हायवेवर कोणीच तसं थांबत नव्हतं!

आम्ही ते दहा सेकंद कमी करत गेलो. पाच, तीन, दोन, काही नाही. एका सेकंदाच्या खाली गेल्यावर काटा अडकला. तोही दर वेळी नाही, पन्नासात एखाद्या वेळी. कारण नंतर सापडलं. किल्ली बंद केल्यावर सर्किटमधली वीज उतरायला थोडा वेळ लागतो. पूर्ण उतरायच्या आत किल्ली चालू झाली आणि त्यात स्टार्टरने बॅटरीचा व्होल्टेज खाली ओढला, की आतला प्रोसेसर ना धड झोपलेला ना धड जागा. बाकी सगळं चालायचं, फक्त डिझेलचा आकडा वाचणारा भाग जुन्याच आकड्यावर थिजून बसायचा.

आता थोडं एम-थ्रीचं गणित. (पळू नका, दोनच ओळी आहेत!) एखादी गोष्ट न बिघडता सलग ‘न’ वेळा चालली, तर ९५ टक्के खात्रीने आपल्याला एवढंच म्हणता येतं की बिघडण्याची शक्यता ३ भागिले ‘न’ पेक्षा जास्त नाही. याला तीनचा नियम म्हणतात. समजा चौदाशे वेळा किल्ली फिरवली आणि चौदाशे वेळा पास. म्हणजे सुमारे ४६७ वेळांत एकदा बिघडणारी गोष्ट अजूनही आत लपलेली असू शकते. माझे वडील दिवसाला साठ वेळा किल्ली फिरवत असतील, तर आठ दिवसांतून एकदा काटा अडकला तरी आमच्या तक्त्यातलं हिरवं खोटं ठरत नाही! आणि हा नियमसुद्धा केव्हा लागू होतो, तर बेंचवरची किल्ली रस्त्यावरच्या किल्लीसारखीच फिरत असेल तेव्हा. आमची तर तशी फिरतच नव्हती.

टेस्ट आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नांबद्दल ती अवाक्षर काढत नाही. हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे दिसलं असेल, तर ते आपल्या चाकणशी नातं असलेल्या एका प्रकरणात. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की, या कंपनीच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर परीक्षा ओळखतं. धुराची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. चाकं फिरतात, पण गाडी जागेवरच. वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, किती मिनिटं, सगळं नियमात छापलेलं. सॉफ्टवेअर स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब बघायचं. परीक्षा चालू आहे असं दिसलं की धूर स्वच्छ, रस्त्यावर आलं की पहिले पाढे पंचावन्न. पेपर फुटलेला असेल तर मार्क चांगलेच पडणार! अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवली, तेव्हा २०१४ मध्ये हे पहिल्यांदा दिसलं. एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाले.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेला तपास करायला सांगितलं गेलं. तिनेही गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या आणि प्रयोगशाळेच्या व रस्त्याच्या आकड्यांत फरक निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. भारतातला कोणताही नियम आपण मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. आणि त्या वेळी रस्त्यावर मोजायचा नियमच आपल्याकडे नव्हता! पुढे मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला मे २०१९ मध्ये स्थगिती दिली. कोर्टाचं कोर्टात. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-सिक्सच्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरच्या धुरालाही मर्यादा लागू झाली. परीक्षा खोलीतून उठून रस्त्यावर आली.

आमचा काटा आणि ही गोष्ट एक नाही, हे मला कळतं. तिथे लबाडी होती, इथे कोणाचीच वाईट इच्छा नव्हती. पण टेस्टिंगच्या बाजूने बघितलं तर दोन्हींकडे भोक एकाच जागी होतं. परीक्षेची वागणूक वेगळी आणि रस्त्याची वेगळी.

कधी भोक संख्येत असतं. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच सत्रात संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. पेपर तपासायला पडदा वापरता येतो, यात काहीच चूक नाही. पण स्कॅनिंग, उत्तरपत्रिकांची वाटणी, नव्याने शिकणारे हजारो प्राध्यापक आणि सर्व शाखा हे सगळं एकदम आलं. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. ज्यांचे परदेशातले प्रवेश त्या निकालावर अडले होते, त्यांच्यासाठी हा ‘बग’ नव्हता, वर्ष होतं. दहा जणांचं जेवण बनवता आलं म्हणून हजाराची पंगत उठत नाही, हे आपल्या गावाकडचा आचारीसुद्धा सांगेल.

मग टेस्टिंग सोडून द्यायचं का? मुळीच नाही! आमच्या चौदाशे केसेसनी त्याआधी साठ-सत्तर चुका पकडल्या होत्या. त्या रस्त्यावर गेल्या असत्या तर मामांनी रोज दोनदा फोन केला असता. टेस्टिंगने चुका सापडतात. चुका संपल्या, हे मात्र त्याने कधीच सिद्ध होत नाही. एवढं एकदा मान्य केलं की पुढचं शहाणपण आपोआप सुचतं.

पहिलं शहाणपण : सगळ्यांना एकदम देऊ नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्या फाइलमध्ये २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्राम २० च पुरवत होता. टेस्टिंग झालं होतं बरं का! पण तोवर एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असायची, त्यामुळे तो वाचायची वेळच आली नव्हती. चूक लक्षात येऊन फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोपर्यंत ती पोचली होती. आधी हजार मशीन्सना दिली असती तर हजारांतच निभावलं असतं.

दुसरं शहाणपण : परतीचा रस्ता ठेवा. नवीन बिघडलं तर जुनं परत बसवता आलं पाहिजे, आणि तेही गॅरेजमधल्या साध्या मेकॅनिकला.

तिसरं मी आमच्या मॅडमकडून शिकले. काट्याची चूक दुरुस्त झाली, सॉफ्टवेअर दोन आठवडे उशिरा गेलं, वरून बोलणीही बसली. दुरुस्तीनंतर सगळं पुन्हा हिरवं झालं तेव्हा मी विचारलं, “मॅडम, आता शंभर टक्के ना?” त्या म्हणाल्या, “हा सापडला गं. न सापडलेल्यांचं काय?” आणि त्यांनी अहवालाला एक पान जोडलं. शीर्षक होतं, ‘आम्ही काय तपासलेलं नाही’. पाच अंशांखालचं तापमान. किल्ली न काढता सलग आठ तासांपेक्षा जास्त चालवणं. बाहेरून बसवलेला हॉर्न आणि टेप. पाण्यात बुडालेला रस्ता. गाडी कंपनीच्या साहेबांना ते पान आवडलं नाही. तपासलं नाही तर तपासा की, असं ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. ते पान वाचून त्यांनी आधी थोड्याच गाड्या बाजारात सोडायचं ठरवलं होतं आणि त्या गाड्यांच्या चालकांशी दर आठवड्याला बोलायला एक माणूस नेमला होता. चौदाशे ‘पास’ वाचून हे कोणालाच सुचलं नव्हतं.

आता थोडं स्वतःबद्दल. कॅम्पस इंटरव्ह्यूत मला टेस्टिंगची नोकरी मिळाली आहे. अभिनंदन करताना चार जणांनी विचारलं, “टेस्टिंगलाच घेतलं का? डेव्हलपमेंट नाही मिळालं?” जणू काही ज्यांना कोड जमत नाही त्यांची ही धर्मशाळा आहे! पगारही थोडा कमी आहे, हे कबूल. घरी मी दोन्ही बाजू सांगितल्या. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या मामांसारख्या माणसाचं म्हणणं कोण ऐकून घेतं तिथं?” मी म्हटलं, “आम्हीच. टेस्टिंगवाले.” “मग जा की,” ते म्हणाले आणि भाकरी मोडली.

ज्युनिअर मित्र-मैत्रिणींना एकच विनंती. पुढच्या वर्षी ब्लॅक बुक बांधायला टाकण्याआधी त्या ‘पास पास पास’च्या तक्त्याखाली एक छोटा तक्ता काढा, काय तपासलं नाही त्याचा. गाईड विचारतील हे काय, एक्स्टर्नल भुवया उंचावतील, कदाचित एखादा मार्कही जाईल. जाऊ दे! आणि प्रोजेक्ट कोणासाठी बनवला असेल, तो दुकानदार असो, नर्स असो की टेम्पोवाला, त्याच्या शेजारी एक दिवस नुसतं बसून या. काही सांगू नका, शिकवू नका, फक्त तो किल्ली कशी फिरवतो ते बघा. मग टेस्ट केसेस लिहायला बसा. बाकी घोडामैदान जवळच आहे, आणि ते मैदान आपल्या लॅबमध्ये नाही, मोशीच्या पुढे आहे.